डॉ. खासनीस यांना काहीही न देण्याबाबत

मी, पुरुषोत्तम विनायक हुद्दार, मूळचा नागपूरचा, हल्ली राहणार शुगर लँड, टेक्सास, तेलवाहिन्यांच्या कामातून निवृत्त झालेला इंजिनियर, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी ह्यूस्टनच्या रुग्णालयात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन तरुण आहेत आणि बोलताना घड्याळाकडे पाहत नाहीत, त्यामुळे थोडा धीर आला आहे. पुरेसा आलेला नाही, म्हणून हा कागद.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझे शेजारी डॉ. रवींद्र खासनीस यांचे याबाबत वेगळे मत आहे. पण ते जन्मभर हृदयाचे डॉक्टर होते, डोक्याशी त्यांचा संबंध आलेला नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी पत्नी सौ. शोभना स्वयंपाकघरातून "त्यात राजकारण घालू नका" असे म्हणाली आहे. हा सल्ला आहे, दडपण नव्हे, आणि तो मी मानलेला नाही.

वकीलबाईंनी याची इंग्रजी प्रत तयार केली आहे. तिच्यात कोणाला काय द्यायचे ते आहे. का द्यायचे ते त्यांनी गाळले. ते इथे आहे. दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मालमत्तेपुरती इंग्रजी प्रत खरी धरावी आणि उरलेल्या आयुष्यापुरती ही.

कलम पहिले: आधीच्या मृत्युपत्रांबद्दल

मी पूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द करतो. ती बरीच आहेत. शोभना म्हणते, गाडीचे ऑइल बदलतात तसे हे मृत्युपत्र बदलतात. त्यांतली दोन वकीलबाईंना अजून त्रास देतात, म्हणून त्यांचा खुलासा करतो.

एक, इराकच्या युद्धाच्या वेळचे. माझी मुलगी अनया व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते आणि एका डेटा सेंटरमध्ये काम करते. त्या वर्षी ती वॉशिंग्टनला जाऊन युद्धाविरुद्धच्या मोर्चात चालली आणि तो फोटो तिने मलाच पाठवला. मी तिचे नाव मृत्युपत्रातून काढले. तिच्या वाढदिवसाला शोभनाने फोन माझ्या हातात दिला. अनया म्हणाली, "बाबा, तुम्ही मला डिसइनहेरिट केलंय ना? मग आता कार तरी स्वतः विकत घेऊ का मी, की थांबू?" मला हसू आले आणि नाव परत घातले. युद्धाबद्दलचे माझे मत मात्र तेव्हा बदलले नव्हते. ते नंतर, हळूहळू आणि कोणाला न सांगता बदलले. या कलमाद्वारे ते जाहीर होत आहे.

दुसरे, इराणच्या वेळचे. इराणशी कडक वागावे असे सांगणारी एक संस्था होती. तिला मी बचतीतला मोठा हिस्सा लिहून दिला. त्यांचे आभाराचे पत्र आले, ते 'मिसेस हुद्दार' यांच्या नावे. शोभनाने ते उघडले, वाचले आणि मला विचारले, "मी इराणचं काय वाकडं केलंय?" त्या आठवड्यातच तेही मृत्युपत्र रद्द झाले. संस्थेने सोबत पाठवलेला कॉफीचा मग माझ्याकडे आहे. तो कोणाला हवा असल्यास न्यावा. त्याचा कान निखळतो.

कलम दुसरे: घर, बचत आणि रिमोट

घर, बँकेतली ठेव, निवृत्तीचा निधी आणि गाडी हे सर्व शोभनाचे. तिच्यानंतर अनयाचे. याला कारण द्यायची गरज नाही. नागपूरहून निघताना ती म्हणाली होती की वर्षभर राहून बघू. त्या वर्षाचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

दिवाणखान्यातला टीव्ही आणि त्याचा रिमोटही तिला. रिमोट तिच्या हातात प्रथमच जाईल. बातम्यांच्या वाहिन्या काढून टाकायच्या असतील तर तिने अनयाला विचारावे. पण निवडणूक होईपर्यंत थांबावे, ही विनंती.

कलम तिसरे: विमान

हे कलम लांब आहे, कारण भांडण इथून सुरू झाले.

रवींद्र आणि मी या वसाहतीत एकाच सुमारास घरे घेतली. त्याचे मागचे अंगण आणि माझे मागचे अंगण यांच्यामध्ये एक लाकडी कुंपण. तो पुण्याचा, मी नागपूरचा. तो डेमोक्रॅट, मी रिपब्लिकन. तरी आमचे बरे चालले होते. अनयाच्या लग्नात मंगलाष्टके त्याने म्हटली, आणि बेसूर म्हटली तरी मी काही बोललो नव्हतो.

मला रिमोटवर उडणारी छोटी विमाने बनवण्याचा नाद आहे. दोन हजार एक सालच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, मी नवे विमान अंगणात उडवले. वारा सुटला. विमान कुंपणापलीकडे गेले आणि रवींद्रच्या पत्नी पद्मजावहिनी यांच्या कढीपत्त्याच्या झाडावर उतरले. टेक्सासमध्ये कढीपत्त्याचे झाड म्हणजे काय, हे इथल्या मराठी माणसाला सांगायला नको. वहिनी थंडीत त्याला कुंडीसकट घरात घेत. विमानाने त्याचा शेंडा कापला.

मी कुंपणावरून हात पुढे केला. रवींद्रने विमान दिले नाही.

"आधी चूक झाली म्हण."

"वाऱ्यानं नेलं रे."

"वारा उडवत होता का विमान? रिमोट कोणाच्या हातात होता?"

ही एवढीच गोष्ट असती तर दुपारच्या चहापर्यंत मिटली असती. पण त्याच दिवशी बातमी आली की अमेरिकेच्या नौदलाचे एक टेहळणी विमान चिनी लढाऊ विमानाशी टक्कर होऊन चीनच्या हैनान बेटावर उतरले आहे, आणि चीन ते द्यायला तयार नाही. माफी मागा, मग पाहू, असे म्हणतो आहे. रवींद्र ती बातमी पाहून परत कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "हे बघ, सगळीकडे नियम एकच आहे."

मी भडकलो. माझ्या देशाचे विमान आणि माझे स्वतःचे विमान एकाच दिवशी परक्या ताब्यात गेले होते. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घरात डोकावायला जाल तर असेच होणार. मी म्हणालो, मी डोकावत नव्हतो. तो म्हणाला, चाळीस फुटांवरून कढीपत्ता दिसतो तसे बरेच काही दिसते.

पुढे वॉशिंग्टनने चीनला पत्र पाठवले. आपल्याला फार वाईट वाटते असे त्यात होते. माफी हा शब्द नव्हता. मलाही ते पटले. मी रवींद्रला चिठ्ठी लिहिली: झाडाबद्दल फार वाईट वाटते. त्याने खाली लाल शाईने शेरा मारून चिठ्ठी परत पाठवली: "वाईट वाटणे ही भावना आहे. माफी नव्हे."

चीनने अमेरिकेचे विमान अखेर तुकडे करून, रशियन मालवाहू विमानात भरून परत दिले. त्याच उन्हाळ्यात एके दुपारी पद्मजावहिनी गाडीतून पूर्ण गल्ली फिरून आमच्या दारात आल्या. मागच्या सीटवर खोके होते. खोक्यात माझे विमान होते. पंख वेगळे, शेपूट वेगळी, मोटर वेगळी, आणि प्रत्येक स्क्रू सँडविचच्या स्वतंत्र पिशवीत. हृदये उघडणाऱ्या माणसाचा हात होता तो. मला रागातही कौतुक वाटले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी फक्त पोचवायला आलेय. मला काही विचारू नका." शोभनाने त्यांना पोहे दिले. दोघींनी ते खोक्यावर प्लेट ठेवून खाल्ले.

ते विमान आता अनयाला. ते जोडलेले आहे. कसे ते पुढे येईल.

कलम चौथे: हत्यारे, आणि मोडलेला करार

गॅरेजमधली सर्व हत्यारे मराठी मंडळाला गणपतीच्या मखरासाठी द्यावीत. मात्र मंडळाने ती सचिवांच्या घरी ठेवू नयेत. सचिवांनी चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत परराष्ट्र धोरणावर रवींद्रचे आणि माझे बोलणे चालू असताना माइक बंद केला होता. आरतीची वेळ झाली होती हे खरे. पण रवींद्रचे वाक्य पुरे झाल्यावर बंद केला, माझे मध्येच.

त्या प्रसंगानंतर शोभना आणि पद्मजावहिनींनी आम्हा दोघांना आमच्या डायनिंग टेबलवर बसवले. निवडणूक तोंडावर होती. दोघांच्या दारात पुढच्या हिरवळीवर आपापल्या उमेदवाराच्या पाट्या होत्या आणि दोन्ही पाट्या अधूनमधून आडव्या पडत. वहिनींनी मुद्दा मांडला: "तुम्ही दोघं विरुद्ध मत देणार. म्हणजे दोन्ही मतं एकमेकांना खाणार. मग कशाला जाता? दोघंही घरी बसा." हिशेब निर्विवाद होता. पाट्या काढायच्या, मत कोणीच द्यायचे नाही, असा करार झाला. आम्ही हात मिळवले. श्रीखंड वाढले गेले.

ऑक्टोबरच्या अखेरीस, आगाऊ मतदान चालू असताना, मी वाचनालयातल्या मतदान केंद्रावर गेलो. करार पाळला जातो आहे की नाही, याची पाहणी करण्याचा मला अधिकार होता. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून उभे होते. बुटांवरून मी ओळखले.

"रवींद्र."

वर्तमानपत्र खाली आले. "पुस्तक परत करायला आलो होतो."

"पुस्तक कुठाय?"

"परत केलं. आणि तू?"

"पाहणीला."

"मग कर की पाहणी. रांगेतून बाहेर उभा राहून कर."

दोघेही बाहेर पडलो नाही. दोघांनी मत दिले. घरी येऊन मी शोभनाला सांगितले की फिरायला गेलो होतो, आणि रवींद्रनेही वहिनींना तेच सांगितले असे नंतर कळले. दोघांच्याही शर्टावर मतदान केल्याचे स्टिकर होते.

बायका चिडल्या त्या चिडल्याच, पण आमचे बोलणे मात्र पूर्ण थांबले. प्रत्येकाचे म्हणणे की दुसऱ्याने करार आधी मोडला. तो रांगेत पुढे होता, एवढे मी नमूद करतो.

कलम पाचवे: डॉ. खासनीस

डॉ. रवींद्र खासनीस यांना मी या मृत्युपत्राद्वारे काहीही देत नाही. कारण ऐकून घ्यावे.

या ऑगस्टमध्ये रशियाचे सैन्य जॉर्जियात घुसले. रवींद्रला तरुणपणापासून रशियाचे प्रेम आहे, त्यामुळे बातमी ऐकून माझ्याने राहवले नाही. मी मागच्या अंगणात गेलो आणि कुंपणावरून चार वर्षांनी प्रथमच हाक मारली. "पाहिलंस तुझ्या रशियाचं?" पलीकडून उत्तर आले नाही. पाणी आले. त्याने स्प्रिंकलर सुरू केला होता. आत येऊन मी शोभनाला म्हणालो की संवाद पुन्हा सुरू झाला आहे. ती म्हणाली, "आधी शर्ट बदला."

सप्टेंबरात 'आइक' वादळ आले. रात्र आम्ही जिन्याखालच्या कपाटात काढली. सकाळी बाहेर आलो तर वीज नव्हती, फोन लागत नव्हता, रस्त्यावर ओकची झाडे आडवी होती, आणि मागचे कुंपण पूर्ण पडले होते. रवींद्रचे अंगण आणि माझे अंगण एक झाले होते. मला ते पाहवेना. मी कुंपणाची एक फळी उभी करायला गेलो आणि छातीवर कोणी गुडघा ठेवावा तसे झाले. मी गवतावर बसलो. नंतर आडवा झालो.

शोभना फोन घेऊन इकडून तिकडे पळत होती. अ‍ॅम्ब्युलन्स लागत नव्हती. लागली असती तरी झाडांतून येणार कुठून. रवींद्र पडलेल्या कुंपणावरून, पायजम्यात, गळ्यात स्टेथोस्कोप घालून आला. मला वाटते तो निवृत्त झाल्यावर ते यंत्र उशाशी घेऊनच झोपत असावा. गुडघ्यावर बसला, शर्टाची बटणे काढली, बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने मला शुद्धीवर ठेवण्यासाठी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"नाव सांग."

"तुला माहीत आहे."

"आज कोणता वार?"

"शनिवार."

"जॉर्जियात आधी आगळीक कोणी केली?"

"रशियानं."

तो मान वर करून शोभनाला म्हणाला, "वहिनी, शुद्ध हरपत चालली आहे."

शोभना रडत होती. रडता रडता म्हणाली, "भाऊजी, ते शुद्धीत असतानाही हेच म्हणतात."

मला हसू आले आणि हसताना फार दुखले. त्याने माझा हात धरून ठेवला. "बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहा, मी उत्तर देणार नाही." पण मी गप्प राहिलो तसा तो घाबरला, आणि स्वतःच बोलू लागला. युक्रेन, पोलंडमधली क्षेपणास्त्रे, काळा समुद्र. सगळे चुकीचे. मला ते खोडून काढायचे होते आणि त्यासाठी श्वास पुरवून वापरावा लागत होता. आज मला वाटते, तो मुद्दामच चुकीचे बोलत होता. विचारले तर म्हणतो, "एक शब्दही चुकीचा नव्हता."

दुपारी रस्ता मोकळा झाल्यावर त्यानेच गाडीतून रुग्णालयात नेले. झडप अरुंद झाली आहे हे त्याने गवतावरच सांगितले होते. मोठ्या यंत्रांनी तेच सांगितले. सर्जनने नव्या झडपांचे प्रकार समजावले तेव्हा मी विचारले की ती बनते कोणत्या देशात. शोभनाने माझ्या पायावर पाय दिला. उत्तर कळले नाही.

घरी आलो तरी वीज आली नव्हती. टीव्ही नाही, बातम्या नाहीत. जगात काय चालले आहे हे दोघांनाही माहीत नसल्यामुळे भांडायला ताजे काही मिळेना. मग रवींद्र रोज कुंपण ओलांडून येऊ लागला, आणि एके दिवशी त्याने कपाटावरचे ते खोके उतरवले. डायनिंग टेबलवर आम्ही विमान जोडले. तो पिशव्या उघडी, मी स्क्रू बसवी. शेपटीचा एक स्क्रू कमी निघाला. तो म्हणतो मी हरवला, मी म्हणतो त्याने ठेवून घेतला. तिथे दोरा बांधला आहे. अनयाने ते उडवावे. खासनिसांच्या अंगणावरून उडवायचे असल्यास आधी कळवावे.

नंतर ऑक्टोबरात भारताशी अणुकरार झाला. अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांनी मिळून तो मंजूर केला. इतक्या वर्षांत ज्यावर आमचे एकमत झाले अशी ती एकच गोष्ट. पद्मजावहिनींनी श्रीखंड केले. ते अर्धे झाल्यावर श्रेय कोणत्या पक्षाचे यावर वाद झाला आणि उरलेले डब्यात भरून ज्याचे त्याच्या घरी गेले.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे नकाशांचे एक जुने जाड पुस्तक आहे. त्यात सोव्हिएत युनियन अजून अखंड आहे. ते पाहून रवींद्रचे डोळे निवतात, हे मी पाहिले आहे. ते मी त्याला देणार होतो. पण साक्षीदार हवेत. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. मी त्याला विचारले, नकाशे हवेत की सही करतोस. तो जरा वेळ पुस्तक चाळत बसला. मग मिटून म्हणाला, "सही करतो. तू शुद्धीत होतास हे दुसरं कोण शपथेवर सांगेल?"

म्हणून त्यांना काहीही नाही. नकाशे अनयाला. ती ते कोणाला वाचायला देते, किती वर्षे देते आणि परत मागते की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

कलम सहावे: मत

कोणी पुढे शंका काढू नये म्हणून लिहितो की मी या वर्षीचे मत दिले आहे. ऑपरेशनची तारीख निवडणुकीनंतर घ्या असे मी म्हणत होतो. रवींद्र म्हणाला, "झडप निवडणुकीसाठी थांबत नाही." मग परवा सकाळी त्याने गाडी दारात लावली.

"चल. आगाऊ मतदान सुरू झालंय."

"मला नेलंस तर तुझं मत खाल्लं जाईल," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"नाही नेलंस तर तुझं मत शाबूत राहील."

"बस गाडीत," तो म्हणाला. "तू आजारी पडलास म्हणून जिंकायचं का मी?"

रांगेत त्याने माझ्यासाठी घरची घडीची खुर्ची आणली होती. रांग पुढे सरकली की मी उठे, तो खुर्ची पुढे ठेवी, मी बसे. असे आम्ही दारापर्यंत गेलो. या वेळी मी पुढे होतो. त्याने विरुद्ध मत दिले, मी विरुद्ध मत दिले. परतताना कोणीच राजकारण बोलले नाही. हे तो कोणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगितले.

कलम सातवे: शेवटचे बोलणे

अंत्यसंस्कार साधे करावेत. भाषणे नकोत. फक्त रवींद्रने बोलावे, कारण त्याला थांबवता येत नाही. पण मी तेव्हा उत्तर द्यायला नसेन, आणि हा विचार मला ऑपरेशनपेक्षा जड जातो. म्हणून त्याचे बोलून झाल्यावर अनयाने उभे राहून "बाबांना हे मान्य नाही" एवढे म्हणावे. मराठीत म्हणावे. हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, विल आहे ते, प्रेसिडेंटचं स्टेट ऑफ द युनियनचं भाषण नाही. कीप इट शॉर्ट ना." मग म्हणाली, "म्हणेन. पण इतक्यात नको."

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड माझीच. जे दिले ते आनंदाने दिले, आणि जे सुनावले तेही.

शुगर लँड, टेक्सास
शनिवार, २५ ऑक्टोबर २००८

(सही) पुरुषोत्तम विनायक हुद्दार

साक्षीदार:

सौ. पद्मजा रवींद्र खासनीस. सही माझ्यासमोर झाली. मी दोघांच्याही मतांशी सहमत नाही. चहा गार होतो आहे.
(सही)

डॉ. रवींद्र खासनीस. श्री. हुद्दार यांनी माझ्यासमोर सही केली. नाडी ठीक, बोलणे स्पष्ट, मते पूर्वीसारखीच, म्हणजे शुद्धीत आहेत. सहीचा अर्थ मजकुराला संमती असा नाही. कलम तीन, चार व पाच यांतली बहुतेक विधाने चुकीची आहेत. त्यांचे मुद्देसूद उत्तर मी तयार केले आहे. ते लेखी देणार नाही. ऑपरेशननंतर समोरासमोर देईन, आणि ते ऐकायला श्री. हुद्दार यांनी जातीने हजर राहायचे आहे. सबब चालणार नाही.
(सही)